भैरवी ऐकायला गुडगावला

माझ्या सासूबाईंनी, म्हणजे सरला गद्र्यांनी, दिल्लीत इतक्या गायकांना जेवू घातलं आहे की त्यांच्या हातचा वरणभात न खाता परत गेलेला मराठी गायक शोधावा लागेल. आणि तरीही गेल्या हिवाळ्यापर्यंत त्यांनी एकही मैफल शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी भयंकर चिडले. नक्की कुणावर चिडायचं ते समजेना, म्हणून दोन दिवस नवऱ्यावर चिडून राहिले. मानस बिचारा विचारत होता, "यार, मैंने क्या किया?"

त्याचं असं आहे. माझे सासरे राजाभाऊ, म्हणजे आमचे बाबा, केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि उरलेल्या वेळात मराठी मंडळाचे सेक्रेटरी होते. उरलेल्या वेळात असं ते म्हणतात. खरा प्रकार उलटा होता. पुण्या-मुंबईहून गायक यायचे. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात बाबा त्यांच्या खोल्या लावून द्यायचे, पण गाणं संपेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असायची. गाणारी माणसं गाण्याआधी पोटात फारसं काही ढकलत नाहीत, आणि गाऊन झालं की त्यांना अशी भूक लागते की विचारू नका. मग ती सगळी वरात, तबलजी आणि पेटीवाल्यांसकट, गद्र्यांच्या मिंटो रोडवरच्या सरकारी क्वार्टरमध्ये यायची. गरम भात, वरण, एखादी पातळ भाजी, ताकाची कढी. सासूबाईंना गायक आठवतात ते ताटावरून. हे कढीच्या तीन वाट्या पिणारे, ते मीठ मागून घेणारे, त्या बाई भातावर तूप नको म्हणणाऱ्या. कोण कोणता राग गायलं हे विचारलंत तर त्या बाबांकडे बोट दाखवतात.

मी नाशिकची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मंडळाचे पाहुणे हॉटेलात उतरू लागले होते आणि जेवण फोनवरून मागवू लागले होते. त्यामुळे हा सगळा प्रकार मला ऐकूनच माहीत. आता आम्ही जनकपुरीत राहतो. मी मानेसरच्या एका कारखान्यात नोकरीला आहे, जाऊन-येऊन जीव जातो, पण रविवारची दुपार माझी आणि सासूबाईंची. थंडीत दोघींच्या मध्ये मटारचा ढीग आणि शेजारी त्यांचा फोन. फोनवर अक्षता वेलणकर.

ही अक्षता म्हणजे सासूबाईंचं वेड. पोरगी तिशीची असेल, स्वतःच लिहिते, स्वतःच चाल लावते, गिटार घेऊन गाते. मराठी गाणी जास्त, मधूनच एखादं हिंदी. तिचं एक गाणं आहे, गच्चीतल्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरचं:

दोरीवरती वाळत होते
तुझे नि माझे दोन उन्हाळे

सासूबाई हे गाणं दिवसातून किती वेळा लावतात त्याला गणती नाही. कुकरची शिट्टी झाली की थांबवायचं, गॅस बारीक करून पुन्हा लावायचं. एका रविवारी मी सहज म्हटलं, "आई, हे समोर बसून ऐकायला काय मजा येईल ना! कार्यक्रमाच्या शेवटी म्हणते म्हणे ती हे."

"येत असेल मजा," त्या मटार सोलत म्हणाल्या. "मी शेवटचं गाणं कुणाचंच समोर बसून ऐकलेलं नाही. भैरव्या सगळ्या रेडिओवरच."

मला वाटलं गंमत करतायत. बाबा पेपर वाचत होते. ते पेपरामागूनच म्हणाले, "काहीतरीच काय! प्रत्येक कार्यक्रमाला असायचीस तू. पहिल्या रांगेत."

"मध्यंतरापर्यंत."

पेपर खाली आला. "आणि मग?"

"मग तुम्ही आठ-दहा माणसं जेवायला घेऊन यायचात. ती पानं कोण वाढत होतं, मंडळ?"

"मला वाटायचं तू आधीच करून ठेवतेस."

"भात आधी करून ठेवतात?"

बाबांचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. सगळी हयात ज्या खुर्चीवर आपली बायको बसली आहे असं धरून चाललो ती खुर्ची अर्धा वेळ रिकामी होती, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ते लबाड नाहीत. ते पुढे बघून गाणं ऐकत होते, एवढंच. पण पुढचा आठवडाभर ते जेवताना, टीव्ही बघताना मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "पण त्या वर्षी गणपतीत? ते नाट्यसंगीत झालं तेव्हा? तेव्हा तर होतीस." सासूबाई म्हणायच्या, "नव्हते." कुणी गावाला होता का विचारावं आणि त्याने नव्हतो म्हणावं, इतक्या सरळपणे.

पुढच्या रविवारी मटार सोलताना मी विचारलं, "मग आता का नाही बसत पूर्ण? आता कोण येतंय जेवायला?"

तर म्हणाल्या, "अगं, मध्यंतर झालं की पाय आपोआप उठतात. दोन-तीनदा मुद्दाम बसून पाहिलं. सारखं वाटतं, गॅसवर काहीतरी राहिलंय. काय गातायत त्याकडे लक्षच लागत नाही. शेवटी आले उठून."

त्यांना यात काही मोठंसं वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं. तो सगळा राग मी मटारावर काढला. दाण्यांबरोबर सालंही भांड्यात टाकली. त्याच दिवशी मनाशी ठरवलं की ह्या बाईला एक गाणं शेवटपर्यंत ऐकवायचंच.

संधी फेब्रुवारीत चालून आली. अक्षता वेलणकर गुडगावला गाणार होती, एका छोट्या पबमध्ये, रविवारी संध्याकाळी. मी तिकिटं काढली आणि घरी सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, "मीही येतो." सासूबाई म्हणाल्या, "बैठक आहे की खुर्च्या?" मानस म्हणाला, "मम्मी पबमध्ये? बिल्कुल चलो!" आणि ऐनवेळी ऑफिसच्या कामाने अडकला.

मी एकच अट घातली होती, डबा घ्यायचा नाही. सासूबाईंनी ती पाळली. डबा घेतला नाही. पण दारात पर्स तपासताना सिक्युरिटीच्या बाईने आतून एक स्टीलची डबी काढली.

"आंटी, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"खाना नहीं है बेटा, मिश्री और लौंग है. गले के लिए."

"आपका गला खराब है?"

"मेरा नहीं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चोरून माझ्याकडे बघितलं. डबी तिथेच एका ट्रेमध्ये राहिली. आमच्या मनगटांवर शिक्के मारले गेले. बाबा त्या शिक्क्याकडे बघत मला म्हणाले, "आयोजक कोण आहेत? जरा भेटून घेऊ." सेक्रेटरीपण अंगातून जात नाही. मी म्हटलं, "बाबा, इथे आयोजक नसतात, मॅनेजर असतो आणि त्याला आपल्याला भेटायचं नसतं."

पब एका मार्केटात, दातांच्या दवाखान्याच्या वर होता. आत काळोख, भिंतीला उघड्या विटा, जेमतेम पंधरा टेबलं. आमचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशेजारी मिळालं, कारण उशीर नको म्हणून बाबांनी आम्हाला एवढ्या लवकर आणलं होतं की सगळी जागा मोकळी असूनही चांगली टेबलं आधीच राखीव होती. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. जाहिरातीत दिलेली वेळ झाली, टळली, स्टेजवर चिटपाखरू नाही. वेटर येऊन सांगून गेला की तिकिटात खाणंपिणं धरलेलं आहे, काहीतरी मागवावंच लागेल.

"गाणं ऐकायचं तर खावं लागतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ मेनूकार्डाकडे नुसत्या बघत राहिल्या.

शेवटी अक्षता आली. जीन्स, साधा कुर्ता, उंच स्टुलावर बसली, गिटार मांडीवर. मागे तंबोरा नाही, बाजूला तबला नाही. एक दाढीवाला माणूस लाकडी खोक्यावर बसला आणि त्याच खोक्यावर थापा मारायला लागला.

"तो बसायच्या खोक्यावर का मारतोय?" सासूबाई कुजबुजल्या.

"तेच वाद्य आहे, आई."

"आणि बसायला?"

"बसायलाही तेच."

त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं. पहिलं गाणं हिंदी झालं. दुसरं मराठी, त्यांच्या पाठातलं. एका जागी अक्षताने सूर हलकेच खाली सोडला आणि सासूबाईंच्या तोंडून चांगला मोठा "वा!" गेला. त्याच क्षणी नेमकी सगळीकडे शांतता होती. चार-पाच टेबलांवरच्या माना वळल्या. कुणीतरी हसलं. सासूबाई संकोचल्या. पुढे जेव्हा सगळ्यांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, तेव्हा त्या गप्प. मला विचारलं, "दाद कधी द्यायची इथे?" खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. लोक गाण्यात बोलत होते आणि गाणं संपल्यावर ओरडत होते. ऐकत कधी होते हे कळायला मार्ग नव्हता.

शेजारच्या टेबलावर ऑफिसातल्या कुणाचा तरी वाढदिवस होता. मी दोनदा वळून बघितलं, तिसऱ्यांदा म्हटलं, "भैया, गाना सुनने आए हैं." त्यावर त्यांनी मला केकचा तुकडा दिला. आता केक हातात घेऊन भांडणार कशी? वेटर दर गाण्याला येऊन सासूबाईंनाच विचारायचा, "मॅम, कुछ और?" आणि त्या प्रत्येक वेळी गाणं सोडून, त्याच्याकडे पूर्ण वळून, "नहीं बेटा, बस, बहुत अच्छा था," असं सांगायच्या. वाढणाऱ्या माणसाला न बघता उत्तर देणं त्यांना जमत नाही. मी चरफडत होते.

थोड्या वेळाने त्या चुळबुळ करायला लागल्या. "हेमांगी, मध्यंतर कधी आहे?"

"मध्यंतर नाहीये."

"नाहीच?" त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी भीती दिसली. "मग कळणार कसं, कुठवर आलं ते?"

ज्या बाईचं सगळं ऐकणं मध्यंतराच्या अलीकडे झालं, तिला मध्यंतर नसलेल्या कार्यक्रमात आणून बसवली होती. त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. उठायची वेळ झाली की अजून व्हायची आहे, हेच त्यांच्या पायांना उमगत नव्हतं. मी टेबलाखाली त्यांचा हात धरला.

आणि त्यातच अक्षता खोकली.

आधी मला काही वाटलं नाही. सासूबाईंना वाटलं. त्यांची पाठ ताठ झाली. अक्षताने स्टुलाजवळचा ग्लास उचलला, त्यात बर्फ खळखळला.

"बर्फाचं पाणी पितेय ती!"

"पिऊ दे, आई."

"अगं, आवाज बसलाय तिचा. मघापासून वरचा सूर टाळतेय. कुणी गरम पाणी कसं देत नाही तिला?"

पुढच्या गाण्यात आवाज दोनदा चिरकला. अक्षता माईकमध्ये हसली, इंग्रजीत आणि हिंदीत म्हणाली की गेला आठवडा रोज नवं शहर होतं, घशाने संप केलाय, सांभाळून घ्या. मग मराठीत म्हणाली, "आता शेवटचं. कुणी मराठी आहे का इथे?" बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. ती हसली आणि तार जुळवायला लागली.

सासूबाई उठल्या.

मला वाटलंच होतं. म्हणजे गुडगावपर्यंत येऊन, शिक्का मारून घेऊन, शेवटचं गाणं सुरू व्हायच्या अगदी तोंडावर ही बाई उठणारच होती. स्वयंपाकघराचं दार दोन पावलांवर. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आई, बसा."

"आत्ता येते. नुसतं पाणी तापवायला सांगते."

"नाही. बसा म्हणते ना!" माझा आवाज चढला होता. सासूबाईंशी मी असं कधी बोललेले नाही. त्या अर्धवट उठलेल्या, मी मनगट धरलेलं, आणि दोघींनाही कळेना की आता काय करायचं.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. "तू बस, सरला," ते म्हणाले. "मी बघतो."

आणि ते गेले. कार्यक्रम चालू असताना जागेवरून उठलेले बाबा मी पहिल्यांदा पाहिले, बहुधा सासूबाईंनीही. स्वयंपाकघराचं झुलतं दार त्यांच्यामागे दोनदा हललं आणि थांबलं. सासूबाई खुर्चीवर बसल्या.

गाणं सुरू झालं. तेच, दोरीचं. मी सासूबाईंकडे पाहिलं तर त्या स्टेजकडे बघतच नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. "त्यांना कुठे काय मागायचं कळणार आहे," त्या पुटपुटल्या. "कोमट आणतील. गार पडलेलं आणतील. कुणी आतून हाकललं तर?" पहिलं कडवं असं गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, रागाने का कशाने कोण जाणे. इतका खटाटोप करून मी काय केलं होतं? त्यांना खुर्चीत बसवलं होतं, आणि त्यांचं लक्ष मात्र स्वयंपाकघरात. घरी फोनवर त्या यापेक्षा जास्त ऐकतात.

मग त्या पुन्हा उठल्या. मी हात पुढे केला, पण त्या कुठे निघाल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी, फरशीवर आवाज न करता, आणि फिरवून अशी ठेवली की स्वयंपाकघराकडे पाठ झाली. बसल्या. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले. त्यांचं तोंड आता सरळ अक्षताकडे होतं आणि मला फक्त त्यांचा कान आणि अंबाडा दिसत होता.

शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे, उंच जाते. अक्षता तिथे आली, तिने तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. ती हसली, मान हलवली, गिटार वाजवत राहिली आणि माईक समोर लोकांकडे वळवला. ती ओळ त्या खोलीत कुणालाच येत नव्हती. आमच्या घरात ती भिंतींनाही पाठ आहे. मला वाटलं, आता सासूबाई म्हणतील. सिनेमात असतं तसं सगळे वळून बघतील, अक्षता त्यांना पुढे बोलावेल. मी वाट बघत होते. मनातून "म्हणा, म्हणा," असं म्हणतही होते.

त्या म्हणाल्या नाहीत. ओळीची जागा नुसत्या गिटारवर गेली, रिकामी. मग अक्षताने ध्रुवपद पकडलं, खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखं, आणि गाणं संपलं. लोक ओरडले. वाढदिवसवाल्यांनी बिल मागवलं. दिवे उजळले. अक्षताने हात जोडले आणि ती बाजूच्या दाराने निघून गेली.

सासूबाई तशाच बसून होत्या. मी वाकून पाहिलं तर गाल ओले होते आणि कपाळावर मोठी आठी होती. रडणं आणि आठी एकत्र मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

"आई, ती ओळ येत होती ना तुम्हाला? म्हटली का नाहीत?"

"मी म्हटली असती तर ऐकलं कुणी असतं?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण एक ओळ राहिलीच गं. मग पूर्ण ऐकलं असं म्हणायचं की नाही?"



तेवढ्यात झुलतं दार उघडलं आणि बाबा आले. हातात बियरचा मोठा मग, त्यातून वाफा येत होत्या, कडेला कुणीतरी हौसेने लिंबाची चकती खोचलेली. मगचा कानही तापला होता, म्हणून त्यांनी तो आपल्या रुमालात धरला होता. चांगलं उकळून घेतलं होतं त्यांनी; त्याचसाठी उशीर झाला होता. उजेडात त्यांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग बायकोच्या उलट्या फिरवलेल्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं," सासूबाई म्हणाल्या. "इकडे द्या."

त्यांनी दोन्ही हातांनी मग घेतला. "अगं, ते तिच्यासाठी..." बाबा म्हणाले. सासूबाईंनी लिंबाची चकती काढून बशीत ठेवली, फुंकर घातली आणि घोट घोट करत, सावकाश, सगळं पाणी स्वतः प्यायल्या. तोवर बाबा रुमाल हातात घेऊन शेजारी उभे होते.